हीटरची शिट्टी

आमचा हीटर शिट्टी मारायला लागला तेव्हा नवऱ्याने आधी माझ्याकडे संशयाने बघितलं. मी व्हॅक्यूम करताना काहीतरी मोडलं असणार. आमच्या घरात जे काही बिघडतं ते मी व्हॅक्यूम करताना बिघडतं. तो व्हॅक्यूम करत नाही, त्यामुळे त्याच्या हातून काही बिघडायचा प्रश्नच येत नाही.

ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातलं आमचं घर जुनं आहे, बुटक्या खांबांवर उचललेलं. हीटरची गरम हवा जमिनीखालच्या जाडजूड नळ्यांतून येते आणि प्रत्येक खोलीत जमिनीतल्या एका जाळीतून वर निघते. या जाळीला सगळे व्हेंट म्हणतात. हीटर सुरू होताना धप्प होतं, मग घरघर होते, बंद होताना पत्रा कडकडतो. त्याची आम्हाला सवय होती. शिट्टी मात्र नवीन होती. ती फक्त आमच्या बेडरूमच्या व्हेंटमधून यायची, बारीक आणि अखंड. पंधरा मिनिटं ऐकली की माणूस कोणाशीही भांडायला तयार होतो. मी तर आधीपासूनच तयार असते.

एरवी आम्ही कानाडोळा केला असता. पण त्या हिवाळ्यात बाबा आले होते. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून पुण्यात एकटे राहतात. त्यांना कायमचं इथे ठेवून घ्यायचं नवऱ्याच्या मनात होतं, आणि खरं सांगते, माझ्याही. घरात मला न विचारता लसूण सोलून ठेवणारा दुसरा माणूस नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "विचार करून सांगतो. हिवाळा सरेपर्यंत वेळ द्या मला."

झालं! तेव्हापासून नवरा घर विकायला निघालेल्या एजंटसारखा वागायला लागला. बाबांसमोर नळ गळता कामा नये, दार करकरता कामा नये. आणि नेमकी ही शिट्टी. ती बंद झाली नाही तर बाबा वैतागून परत जातील, अशी त्याने स्वतःची ठाम समजूत करून घेतली होती. मी म्हटलं, "अरे, एकदा झोपले की त्यांना दिवाळीतले सुतळी बॉम्बसुद्धा ऐकू येत नाहीत." पण ऐकेल तर शपथ.

त्याचा पहिला संशय पॉसमवर, म्हणजे इथे घराघरांत घुसणाऱ्या मांजराएवढ्या प्राण्यावर. जमिनीखाली पॉसम शिरलाय आणि तो नळी कुरतडतोय. शनिवारी टॉर्च घेऊन घराखाली सरपटत गेला. तिथे त्याला एक जुना टेनिस बॉल, खूपशी कोळिष्टकं आणि स्वतःच्या वजनाची जाणीव, एवढंच सापडलं. मग त्याने आमचा व्हेंट काढून ब्रशने घासला. परत बसवल्यावर शिट्टी आणखी खणखणीत झाली.

शेवटी हीटरवाल्याला बोलावलं. तो कामाच्या दिवशी सकाळी आला. शिट्टी गायब! त्याने सगळ्या खोल्यांतून चक्कर मारली, फिल्टर बदलला, "नो वरीज, मेट" म्हणाला आणि गेला. संध्याकाळी आम्ही दोघं ऑफिसातून आलो तर शिट्टी हजर. मुलीला विचारलं, तुला काय वाटतं? ती कानातले हेडफोन न काढता म्हणाली, "जस्ट इग्नोर इट, मम." तिचं सगळ्याच प्रश्नांना हे उत्तर असतं.

हीटरवाल्याला मुद्दाम एका शनिवारी पुन्हा बोलावलं. तो येईपर्यंत सकाळपासून शिट्टी चालू होती. तो आला, ती थांबली. तो गेला आणि आम्ही जेवायला बसेपर्यंत पुन्हा सुरू. नवऱ्याने हात टेकले. बाजारात मिळेल ती चिकटपट्टी आणतो म्हणून तणतणत गाडी घेऊन गेला.

मी मात्र पेटले. एक साधा व्हेंट आणि आमची ही दैना! गुडघ्यांवर बसून घरातला एकेक व्हेंट तपासायला घेतला. हॉल ठीक. स्वयंपाकघर ठीक. मुलीच्या खोलीतल्या व्हेंटवर मोज्यांचा ढीग होता, पण तो कायमचाच. राहिली बाबांची खोली. ती आमच्या बेडरूमला लागूनच. त्यांच्या आरामात नको व्यत्यय म्हणून तिथे आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं.

दार वाजवलं. "ये गं," बाबा म्हणाले.

आत पाऊल टाकलं आणि थंडीने काटा आला. बाबा खुर्चीत बसले होते, दोन स्वेटर, माकडटोपी आणि मांडीवर शाल. खिडकी बंद होती. खोलीच्या कोपऱ्यात, जिथे व्हेंट असायला हवा, तिथे त्यांची मोठी बॅग आडवी ठेवलेली. मी ती सरकवली. खाली दोन पंचे, व्यवस्थित चौघडी करून व्हेंटवर दाबून बसवलेले. ते उचलल्याबरोबर गरम हवा तोंडावर आली आणि भिंतीपलीकडची शिट्टी बंद पडली. दोन्ही खोल्यांची नळी एकच. इकडचं तोंड बुजवलं की सगळी हवा आमच्या व्हेंटमधून जोराने निघणार आणि शिट्टी वाजणार. हीटरवाला आला की बाबा बॅग आणि पंचे उचलून खोली आवरायचे. पाहुण्याला पसारा दिसायला नको.

"बाबा, हे काय?"

ते ओशाळले. "अगं, हीटरचा पंखा थांबला की या व्हेंटमधून तुमचं बोलणं येतं. एकदा तुम्ही कपड्यांच्या घड्या घालत होतात. तो म्हणाला, बाबा राहिले तर... एवढं ऐकलं आणि मी पंचा टाकला. तेव्हापासून तुम्ही घरात असलात की टाकतो."

"आम्ही काही वाईट नव्हतो बोलत हो."

"माहितीये. म्हणून तर." ते शालीशी चाळा करत राहिले. "त्याला किती वाटतंय ते ऐकलं असतं, तर माझ्याच्याने नाही म्हणवलं नसतं."

म्हणजे उत्तर ठरलं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. "म्हणून असं कुडकुडत बसायचं? आजारी पडला असतात म्हणजे? आणि पुण्यात आहे काय तुमचं?"

"तिथे दाराची बेल वाजली की मी उठून उघडतो," बाबा म्हणाले. "इथे तुम्ही दोघं धावता. बाबा, तुम्ही बसा. फार करता गं तुम्ही माझं, पण मला इतकं बसायचं नाहीये अजून." मग हळूच म्हणाले, "त्याला तू नको सांगूस. उद्या मी सांगतो."

मी पंचे उचलून कपाटात ठेवले. दुसरं काय करणार?

नवरा चिकटपट्टीची तीन रिळं घेऊन आला. बेडरूममध्ये कान देऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा फुलला. "बघ! मी ब्रशने घासलं होतं ना, त्याचाच परिणाम." मी हो म्हटलं. तो पलंगावर बसला. "आता बाबांना त्रास नाही. आता राहतील ते. आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही गं. आता निदान बाबांच्या जवळ..."

आणि तेवढ्यात हीटरचा पंखा थांबला. घर एकदम शांत झालं. मी पलंगावरची रजई ओढली, व्हेंटवर टाकली आणि वर फतकल मारून बसले.

"काय करतेयस?"

"पाय गार पडलेत. बोल तू."

तो बोलला. मनात साठलेलं सगळं बोलला, मध्ये दोनदा नाक पुसलं. मी जागची हलले नाही.

दुसऱ्या दिवशी पोहे खाताना बाबांनी त्याला सांगितलं. आढेवेढे न घेता, शांतपणे, त्याच्याकडे बघत. नवरा बराच वेळ प्लेटमधले शेंगदाणे बाजूला सारत बसला.

"बाबा," तो म्हणाला, "हीटर नीट झालाय."

"हो रे."

"खरंच. आता अजिबात वाजत नाही."

बाबांनी आपली खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माहितीये मला," ते म्हणाले.