तीन भाषांचं मशीन आणि माझी खुर्ची

मिरजोळ्याच्या बर्फाच्या कारखान्यात मी आधी लाद्या उचलायचो. एकदा लादीसकट असा पडलो की लादी आख्खी राहिली आणि मी मोडलो. मालकांना दया आली, त्यांनी मला फोनपाशी बसवलं. घंटी वाजली की उचलायचा, कोणाला किती बर्फ हवा ते डोक्यात ठेवायचं नि मालकांना सांगायचं. लिहायचा प्रश्न नव्हता, शाळेने मला पहिलीतच हात जोडले होते. हेसुद्धा जावई लिहून घेतोय, म्हणून इतकं नीट दिसतंय.

गावात रंगीत टीव्ही नवा नवा आला होता, त्या सुमाराला मालकांच्या मेव्हण्यांनी दुबईहून एक मशीन आणलं. ऑफिस बंद असलं तरी ते फोन उचलणार, आपण भरून ठेवलेलं बोलणार, मग समोरच्याचं बोलणं कॅसेटवर घेणार. बोलायला त्याला फक्त अर्धा मिनिट. तेवढ्यात तीन भाषा बसवायच्या होत्या. बोटवाल्यांना मराठी, गुजरातच्या व्यापाऱ्यांना हिंदी, मुंबईच्या एक्स्पोर्टवाल्यांना इंग्रजी. मालक म्हणाले, टायपिस्ट बाई बोलतील, त्या पुण्याच्या, तिन्ही भाषा स्वच्छ. मग माझं काय, मी विचारलं.

"तुझी पाठ आता बरी दिसते," ते म्हणाले.

मी तिथल्या तिथे ठरवलं, खुर्ची सोडायची नाय. म्हटलं, मशीनमध्ये मीच बोलणार. मालक हसले, पण शनिवारपर्यंत मुदत दिली. जमलं नाय तर सोमवारपासून लाद्या.

इंग्रजी मला बाईंनीच शिकवली. चार दिवस मी ती बसमध्ये पुटपुटत होतो, शेजारचा माणूस उठून उभ्याने गेला. घरी बायकोने दृष्ट काढली.

शनिवारी लाल बटण दाबून मी सुरू केलं, "नमस्कार, बर्फाचा कारखाना. बरे आहात ना?" आणि थांबलो. आमच्याकडे कोणी फोन केला की आधी खुशाली, मग मासळी, मग बर्फ. म्हणून मी वाट बघितली. मग मासळी कशी आहे विचारलं, पुन्हा वाट बघितली. मराठीच संपली नव्हती तोवर मशीन खटकन बंद.

"कोणासाठी थांबलास?" मालकांनी विचारलं.

"तो सांगतोय ना."

"तो कोण?"

मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं.

त्यानंतर सहा वेळा केलं. थांबायचं नाय असं मनाला बजावायचो, पण खुशाली विचारली की तोंड आपोआप मिटायचं. बाई म्हणाल्या, खुशाली काढून टाका. ती काढली तर पुढचं काहीच आठवेना. शेवटी मीच तोडगा काढला. बाईंना पट्टी घेऊन मागे उभं केलं, म्हटलं, थांबलो की टोचा. त्यांनी नेमकं मोडलेल्या जागी टोचलं. आठव्या वेळी तिन्ही भाषा बसल्या. हिंदी नि इंग्रजीच्या मधे एक "आई गं" राहिलं. मालक म्हणाले, ती चौथी भाषा असू दे.

सोमवारी बाई वही घेऊन कॅसेट ऐकायला बसल्या. व्यापारी कळला, एक्स्पोर्टवाला कळला. मग कॅसेटवर नाटे गावचा एक बोटवाला आला. मशीनने खुशाली विचारली म्हणून त्याने सगळी सांगितली होती. बायकोचा गुडघा, फाटलेलं जाळं, जावयाची मुंबईची नोकरी, आणि तेही त्यांच्या बोलीत, एका दमात. बाईंनी तीनदा ऐकलं. वही कोरी. मालकांनी एकदा ऐकलं नि वैतागून बंद केलं. म्हणाले, याला बर्फ नकोच आहे, गप्पा मारायला फोन केलाय.

मी म्हटलं, मला ऐकू द्या. एकदाच ऐकलं. "सहा लाद्या, फोडून. दुपारच्या आत ट्रक जेटीवर पाहिजे, बोट भरतीला सुटणार."

"हे कुठे म्हणाला तो?" बाईंनी विचारलं.

"गुडघ्यानंतर, जाळ्याच्या आधी."

बाईंनी कॅसेट पुन्हा मागे नेली, कान लावला आणि मान डोलावली. घड्याळात साडेनऊ झाले होते. मालक धावत बाहेर गेले, ट्रकवाल्याला हाका मारत. परत आले ते मशीन उचलून माझ्या टेबलावर ठेवायला.

"लाद्यांना दुसरा माणूस बघतो," ते म्हणाले. "तू बस."

मी इतक्या जोरात बसलो की पाठीत पुन्हा लचक भरली.