आखूड न होणारा परकर

मी कात्री कापडाला लावली आणि भाऊसाहेबांनी माझा हात धरला.

"थांब गणपत. आधी ऐकून घे. हा परकर आखूड होता कामा नये."

"माप नीट घेतो, भाऊसाहेब. घोट्यापर्यंत येईल."

"आज येईल रे. पुढच्या वर्षी काय? त्याच्या पुढच्या वर्षी काय?"

मी कात्री खाली ठेवली. ठाण्याला तलावाच्या कडेला माझं दुकान होतं. कलेक्टर कचेरीतल्या निम्म्या लोकांचे कोट मी शिवत असे, त्यामुळे चमत्कारिक ऑर्डरी मला नव्या नव्हत्या. सुटलेलं पोट दिसू नये असा कोट मागणारे होते. जावयाला शोभेल पण महाग वाटणार नाही असा मागणारेही होते. पण पोर वाढेल आणि परकर आखूड होणार नाही, ही ऑर्डर पहिलीच.

भाऊसाहेब कचेरीत हेडक्लार्क होते. बायको लवकर गेलेली. घरात ते, त्यांची म्हातारी आत्या आणि मुलगी वेणू, इतकीच माणसं. वेणूला नववं लागत होतं. कल्याणच्या एका घरात तिची सोयरीक ठरली होती.

"व्याही म्हणत होते, लग्न आत्ताच उरकून टाका," भाऊसाहेब सांगू लागले. "आत्याबाईंनी बोलणी केली. ह्या वाढदिवसाला जो परकर शिवू, तो आखूड होईपर्यंत पोर शाळेत जाईल. मध्ये नवा परकर शिवायचा नाही. हा आखूड झाला की लुगडं, आणि लुगडं आलं की लग्न. कापडसुद्धा त्यांनीच पाठवलंय, वाढदिवसाची भेट म्हणून. अगदी बेतापुरतं."

आज हे ऐकायला विचित्र वाटेल. पण तेव्हा मुलीचं वय कोणी वर्षांत मोजत नसे. परकर आहे की लुगडं, एवढंच लोक बघत.

"पोर हुशार आहे रे," ते म्हणाले. "आणि ती गेली की घर मला खायला उठेल." एवढा मोठा हेडक्लार्क, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "बघतो काहीतरी."

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची, मायेतलं थोडं कापड सोडायचं, परत टीप मारायची. मोठ्या माणसाच्या कोटात दोन बोटं माया पुष्कळ होते. इथं निदान वीतभर हवी होती, आणि व्याह्यांच्या कापडात तेवढी निघत नव्हती.

'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' असं लोक आम्हाला तोंडावर ऐकवतात. शिंप्याकडे कापड गेलं की त्यातलं थोडं जिरतंच, अशी आमची ख्याती. मी मात्र उलटा उद्योग केला. बाजार पालथा घालून त्याच डाळिंबी रंगाचं कापड हुडकलं आणि गिऱ्हाइकाच्या कापडात माझ्या पदरचं घातलं.

दुकानात नवं मशीन आलं होतं. त्याची टीप पक्की, पण उसवली की भोकांची रांग राहते. म्हणून हा परकर हातानं शिवायला घेतला. तळाला माझं कापड जोडलं, आणि ते आतल्या बाजूला घडीवर घडी घालून वळवलं. प्रत्येक घडी नुसत्या धावदोऱ्यानं धरली. धावदोरा म्हणजे सुई पळवत घातलेले लांब टाके. एक टोक ओढलं की सगळा दोरा निघून येतो. बाहेरून बघाल तर साधा परकर. काम झालं तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ट्रायलला त्यांच्या घरी गेलो. वेणूनं परकर घातला आणि गिरकी मारली. मी कंबर बघत होतो, तोवर माझ्या गळ्यातली टेप काढून तिनं माझ्याच हाताचं माप घ्यायला सुरुवात केली.

"गणपतमामा, तुमचा डावा हात उजव्यापेक्षा अर्धं बोट लांब आहे."

"असू दे. तू सरळ उभी राहा."

"मग तुमच्या सदऱ्याच्या बाह्या सारख्या कशा?"

स्वतःचा सदरा मी कधी मापून शिवलेलाच नाही.

आत्याबाई झोपाळ्यावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "वेणू, तो परकर काढ आणि माझ्याकडे आण." त्यांनी परकर मांडीवर पसरला आणि तळावरून अंगठा फिरवला.

"गणपत, हा खालून जड का लागतोय?"

"हेम, म्हणजे तळाची दुमड, जरा मोठी घातलीय, आत्याबाई."

त्यांनी दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. एक घडी सुटली. दुसरं टोक ओढलं, दुसरी सुटली. सोयरिकीचा शब्द ह्यांनीच दिलेला. आता कापड कल्याणला परत जाणार आणि पोरीला उद्याच लुगडं, असं मी धरून चाललो. भाऊसाहेब तर आढ्याकडे बघत उभे होते, जणू मला ओळखतच नाहीत.

"ह्यात व्याह्यांचं किती आणि तुझं किती?"

"खालचं वीतभर माझं."

"शिंप्यानं कापड खाल्लेलं ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "ओकलेलं आजच बघितलं."

मग त्या भाऊसाहेबांकडे वळल्या. "आणि तू रे? एवढी कचेरी चालवतोस. दोघांनी मिळून अक्कल कुठं गहाण टाकलीत? पहिली घडी कधी सोडणार होतात?"

"वर्षभरानं," मी म्हटलं.

"वर्षभर हा परकर धोब्याच्या दगडावर आपटला जाईल. बाहेरचं कापड विटेल, घडीतलं कोरं राहील. सोडलंस की पोरीच्या पायाशी लालभडक पट्टा, आणि त्याच्या वर जोडाची शिवण. विहीणबाई उंबऱ्यातच विचारतील, हे काय म्हणून. मग काय सांगायचं?"

खरं होतं. पंधराएक वर्षं मी कपडे शिवत होतो, पण शिवलेला कपडा माझ्या हातून गेला की संपलं. पुढं तो कसा विटतो, कुठं विटतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

"आत्याबाई," भाऊसाहेब चाचरत म्हणाले, "म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलेय ना. काम वाईट केलं म्हणून." त्यांनी परकर उलटा करून नेफ्याची, म्हणजे नाडी ओवायची कड माझ्या हातात दिली. "खाली कशाला वाढवतोस? वर वाढव. इथं पोलकं येतं. पोलक्याखाली काय आहे ते कोण बघतंय? पोर वाढेल तसा नेफा उसव, मध्ये पट्टा जोड, परत नेफा लाव. खालची कड आहे तशीच राहील."

"पण पट्टे वाढले तर पोलक्याच्या खाली दिसतील."

"मग पोलकं लांब शिव. परकर नवा शिवायचा नाही, हे ठरलंय. पोलक्याचं कोणी काही बोललेलं नाही."

भाऊसाहेब मटकन पाटावर बसले. आत्याबाई मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "परकराची अट मीच घातली. ते महिनाभरात लग्न म्हणत होते. वर्षं मागितली असती तर एकेक मोजत बसले असते. परकर कसा वाढतो ते पुरुषांना कुठं ठाऊक? मला आठव्या वर्षी लुगडं नेसवलं. अजून सही येत नाही मला."

मी तळाचं माझं कापड काढून टाकलं, साधी हेम घातली आणि संध्याकाळच्या आत परकर परत दिला.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस झाला. वेणूला पाटावर बसवून ओवाळलं, नवा परकर तिनं घातला. कल्याणहून व्याही आणि विहीणबाई आले होते. व्याह्यांनी घोट्याकडे बघून मान डोलावली आणि ते पानावर बसले.

पुढं वर्ष-सव्वा वर्षानं परकर माझ्याकडे येई. पहिला पट्टा माझ्याच डाळिंबी कापडाचा घातला. ते संपल्यावर कचेरीतल्या कोटांच्या अस्तरांचे तुकडे वापरले. एक राखाडी, एक निळा, एक काळपट. वरच्या साहेबांच्या कोटाचं अस्तर वेणूच्या परकरात आहे, हे भाऊसाहेबांना मी सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. व्याही विहीणबाईंना घेऊन दर दिवाळीला येत आणि घोटा बघत. घोटा झाकलेला. पोरीचं डोकं आत्याबाईंच्या खांद्याला लागलं होतं, तिकडे कोणी बघितलं नाही. एकदा त्यांनी विचारलंच, "मुलगी वाढत कशी नाही?" आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात उंची उशिरा येते."

वेणूनं मुलींच्या शाळेतली सगळी पुस्तकं संपवली. शेवटी परकर विटून विटून कापडच फाटायला लागलं, तेव्हा आत्याबाईंनी स्वतः व्याह्यांना निरोप धाडला. लग्न झालं. भाऊसाहेब मांडवात रडले, पण पोर नऊ वर्षांची असताना रडले असते तसे नाही.

लग्नाला थोडे महिने झाल्यावर दुपारी दुकानासमोर टांगा थांबला. आतून वेणूच्या सासूबाई उतरल्या. त्यांच्या हातात हिरवं कापड होतं.

"तुम्हीच ना गणपत शिंपी? आमच्या धाकटीचा परकर शिवायचाय. तिची सोयरीक भिवंडीला ठरलीय. त्यांनाही घाई आहे."

"घोट्यापर्यंत ना?" मी साळसूदपणे विचारलं.

"घोट्यापर्यंत. आणि वेणूचा वाढवलात तसा वरून वाढवायचा."

माझ्या हातातली टेप खाली पडली. "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवाळीला. पोर फळीवरचा डबा काढायला हात उंच करून उभी राहिली आणि पोलकं वर गेलं. समोर आमचे हे जेवत होते."

"मग?"

"मग काय? मी उठले आणि तिचं पोलकं खाली ओढलं."

आता दुकान मुलगा बघतो. त्याला मी एकच सांगून ठेवलंय. परकराचं माप बाप सांगेल ते घे. माया कुठं ठेवायची, ते घरातल्या बाईला विचार.