उकळलेला पाइप

पाइप ओढणाऱ्या माणसाइतका स्वतःवर खूश असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सिगरेटवाला बिचारा कोपऱ्यात उभा राहून दोन झुरके मारतो आणि कामाला लागतो. पाइपवाल्याला आधी सगळे खिसे चाचपायचे असतात, मग तंबाखूचा डबा उघडून हुंगायचा असतो, मग चिमटीचिमटीने भरायचं, दाबायचं, पेटवायचं, विझलं की पुन्हा पेटवायचं. तोवर समोरचा ताटकळत उभा. कारण पाइप तोंडात असलेला माणूस विचार करतोय असं जगाला वाटतं. तो विचारबिचार काही करत नसतो. पाइप विझू नये म्हणून त्याची धडपड चाललेली असते. हे मी खात्रीने सांगतो, कारण मी स्वतः पंचवीस वर्षं पाइप ओढतोय.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला इस्रायलमधल्या पेताह तिक्वा या गावात एका तंबाखूच्या दुकानामागच्या खोलीत दर शुक्रवारी सकाळी आमच्यासारख्यांचा क्लब भरायचा. दहा-बारा जण असायचे. अध्यक्ष होते एक निवृत्त दंतवैद्य, ज्यांनी उभा जन्म लोकांना तंबाखू सोडा असं बजावण्यात घालवला होता. एका वकिलाकडे चाळीस पाइप होते. त्यांतले दोनच तो ओढायचा, बाकीचे पांढरे हातमोजे घालून आम्हाला दाखवायचा. नवा डबा उघडला की सगळे डोळे मिटून बसायचे. कुणाला धुरात सुकं जर्दाळू लागायचं, कुणाला जुन्या पुस्तकांची कातडी, कुणाला पावसानंतरचं जंगल. मला फक्त तंबाखू लागायची. पण मीही डोळे मिटायचो आणि जर्दाळूला अनुमोदन द्यायचो.

मी तिथे पाहुणा होतो. जवळच्याच एका कंपनीत दवाखान्यांना लागणाऱ्या उपकरणांची तपासणी करायची माझी नोकरी. जन्म ठाण्यातल्या ज्यू घरातला, चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर इथे, वाळवंटातल्या डिमोनाला आलो, म्हणजे या मंडळींच्या लेखी 'होदी', हिंदुस्थानी. दंतवैद्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुमच्याकडे तंबाखूत हळद घालतात का? ते थट्टा करत नव्हते. मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या खोलीच्या भिंतीवर ऑलिव्हच्या लाकडाची एक लांब पट्टी होती. तिला खाचा पाडलेल्या, प्रत्येक खाचेत एकेका सभासदाचा पाइप, खाली पितळेवर त्याचं नाव. पाहुण्याने आपला पाइप खिशात ठेवायचा. सभासद व्हायचं तर एखादा जुना पाइप आणून सगळ्यांसमोर त्याची जन्मकथा सांगायची, मग हात वर करून मतदान. मोठी माणसं, पांढऱ्या मिशांची, आणि खेळ बालवाडीचा. पण मला ती खाच हवी होती. दीड वर्ष मी तिच्याकडे बघत होतो. चौदाव्या वर्षापासून मी या देशात दाराशी उभा राहून आत येऊ का, असं विचारत आलो होतो. ही माणसं मूर्ख आहेत हे दिसत असूनही त्यांनी एकदा 'ये' म्हणावं असं मला वाटत होतं.

जुना पाइप माझ्या माहितीत एकच होता, माझ्या वडिलांचा.

वडील मुंबईच्या गोदीत फिटर होते. फिटरचे फोरमन झाले त्या महिन्यात त्यांनी फोर्टातल्या एका दुकानातून विलायती पाइप आणला, आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाइपची वाटी ब्रायरची होती, म्हणजे एका झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीची. दांडी काळ्या कडक रबराची, हनुवटीकडे छान वळलेली. डिमोनाला आल्यावर ते मृत समुद्राकडच्या खनिजांच्या कारखान्यात लागले. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की मिठाने पांढरे झालेले बूट दाराबाहेर काढायचे आणि पायरीवर बसून पाइप भरायचे. भरायला त्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागायचं नाही. हुंगणं नाही, डोळे मिटणं नाही. शब्बाथला विस्तव लावायचा नसतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी अंधार पडेपर्यंत तो रिकामाच तोंडात असायचा. चाळीस वर्षांत त्या वाटीच्या आत काजळीचा असा गुळगुळीत थर बसला होता की पाइपवाल्यांनी तो पाहून प्राण सोडावा. विकत मिळत नाही ती एवढीच गोष्ट. शिवाय पाइप बनवणाऱ्या विलायती कंपनीने तो घाट कधीच बंद केला होता. मी वर्णन केलं तेव्हा दंतवैद्यांचा स्वतःचा पाइप हातातच विझला.

"असा पाइप घेऊन या," ते म्हणाले, "मग तुमच्यासाठी खाच आहेच समजा."

आता वडिलांचं सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आरोग्य विमा निधीच्या, म्हणजे कुपत खोलिमच्या डॉक्टरांनी तंबाखू बंद केली. वडील तो पाइप रिकामाच तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात धरून दिवसभर खिडकीशी बसायचे. काढून घेतला तर घशातून असा आवाज काढायचे की ऐकवत नसे. आई त्यांना मऊ भात भरवायची. दोन घास झाले की पाइप पुन्हा थोडा वेळ तोंडात द्यायची, तेव्हाच ते तिसऱ्या घासाला तोंड उघडायचे.

हे सगळं मी डोळ्यांनी बघत होतो. तरी माझ्या डोक्यात हिशेब असा, की रिकामाच तर चघळायचा आहे, मग कुठलाही चालेल. क्लबाच्या दुकानातून मी बरा दिसणारा एक स्वस्त पाइप घेतला आणि पेसाहच्या सणाआधी दोन आठवडे आईला फोन केला.

"आई, पप्पांचा पाइप मी सणाला आलो की घेऊन जाईन. त्यांच्यासाठी नवीन आणतोय."

 ती "हं" म्हणाली, आणि खाटकाला मटणाचं सांगून ठेवलंय ते सांगायला लागली. तिचा 'हं' म्हणजे होकार, असं मी धरून चाललो.

पेसाहच्या आठवड्यात आमच्याकडे आंबवलेलं पीठ घरात चालत नाही, आणि वर्षभर पावाचा कण लागलेली भांडीही तशीच चालत नाहीत. ठाण्यात या सणाआधी घराला चुना आणि भांड्यांना कल्हई व्हायची. डिमोनात कल्हईवाला कुठून आणणार? तिथे बाजारातल्या चौकात गॅसवर एक प्रचंड हंडा चढवतात, बायका भांडी घेऊन रांग लावतात, आणि रबरी एप्रन घातलेला एक माणूस जाळीच्या पिशवीतून सगळं उकळत्या पाण्यात बुडवून काढतो. आई दरवर्षी चमचे, पळ्या, झारे घेऊन त्या रांगेत असायची.

सणाच्या दुपारी मी घरी पोचलो. बायकोमुलं मागून यायची होती. वडील खिडकीशी, पांढरा शर्ट घालून बसलेले. त्यांच्या तोंडातून पाइप भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा सरळ पुढे आला होता. आधी मला वाटलं, हा दुसराच कुठला पाइप. मग जवळ गेलो. दांडीचं वळण निघून गेलं होतं आणि तिचा काळा रंग उतरून हिरवट-मातकट झाला होता. वाटीला वरून खालपर्यंत चीर गेली होती. आत बोट घातलं तर कोरं लाकूड. चाळीस वर्षांचा थर धुऊन गेला होता.

"आई, हे काय केलंस?"

"बॉइल करून आणला," ती म्हणाली. ती अंडी सोलत होती. "वर्षभर पावाचं तोंड लागतं तेला. सणाला टेबलावर कसा चालंल?"

"अगं, तो पाइप आहे! चमचा नाही!"

"तोंडात जातं ते भांडंच."

म्हणजे माझी खाच, माझं दीड वर्ष, सगळं तिने चमच्यांबरोबर जाळीत घालून शिजवून आणलं होतं. माझं डोकंच फिरलं. मी तिला अडाणी म्हणालो, पण मराठीत ते म्हणायला जीभ वळेना, म्हणून हिब्रूत म्हणालो. 'प्रिमिटिवित.' आम्ही नवे आलो तेव्हा ऑफिसातले कारकून आमच्याकडे न बघता आमच्याबद्दल हाच शब्द वापरायचे. आईने तो ओळखला असणार. तिने एक अंडं सोलून दुसरं हातात घेतलं.

मी तरी थांबावं की नाही? पिशवीतून नवा पाइप काढला आणि वडिलांच्या तोंडातला फुटका काढून तो दिला. त्यांनी जिभेने तो बाहेर ढकलला. तो मांडीवर पडला. मी पुन्हा दिला, त्यांनी पुन्हा ढकलला, आणि तो आवाज काढायला सुरुवात केली. आई हात पुसत आली, तिने फुटका पाइप पदराने पुसला आणि त्यांच्या तोंडात ठेवला. सणाच्या सगळ्या प्रार्थना होईपर्यंत ते तो धरून टेबलाशी बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

पुढच्या शुक्रवारी क्लबात सगळे वाट बघत होते. पाइप नाही म्हणून सांगायला मी उभा राहिलो आणि कसं कोण जाणे, गोष्टच सांगायला लागलो. हंडा, रांग, रबरी एप्रन. पहिलं हसू आलं तसा मी सुटलो. आईची नक्कल केली, तिचं तुटकं हिब्रू, तिचं ते 'तोंडात जातं ते भांडंच'. वर पदरचं घातलं, की पाण्याला असा घमघमाट सुटला म्हणून रांगेतल्या बायका वाट्या घेऊन सूप मागायला आल्या. वकिलाने हातमोजे काढून डोळे पुसले. दंतवैद्य खोकायला लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं. असा पाइप कुणाहीजवळ असू शकतो, ते म्हणाले, पण अशी आई कुणाकडे नाही. सगळे हात वर झाले. मला खाच मिळाली, पितळेवर नाव लागलं, आणि त्या खाचेत मी वडिलांनी दोनदा थुंकून टाकलेला तो नवा पाइप अडकवला.

वडील पुढच्या हिवाळ्यात गेले. क्लबात माझी गोष्ट मात्र चालू राहिली. नवा पाहुणा आला की दंतवैद्य म्हणायचे, ती सुपाची सांगा. मी सांगायचो. दर वेळी थोडी वाढवून.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आईच्या मोतीबिंदूसाठी मी तिला पेताह तिक्वाच्या हॉस्पिटलात आणलं. ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर पट्टी बांधून ती कागदांची वाट बघत बसली होती, आणि समोरून दंतवैद्य आले. बायकोला डॉक्टरांना दाखवायला आले होते. मी ओळख करून दिली. द्यायला नको होती, पण तोंडातून 'ही माझी आई' निघून गेलं. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"म्हणजे पाइप शिजवणाऱ्या त्या तुम्हीच!" ते हिब्रूत म्हणाले, आख्ख्या बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल असे. "मग, सूप चविष्ट झालं होतं का?"

आई हसली. हो, हो, छान झालं होतं, असं तिने हिब्रूतच सांगितलं. दंतवैद्य खूश होऊन गेले. मला तिथे जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. पण अशा वेळी ती दुभंगत नाही, आणि औषधांचे कागद घ्यायला मलाच खिडकीशी जावं लागलं.

टॅक्सीत ती औषधांचे कागद मांडीवर घेऊन बसली. मीच म्हणालो, "आई, ते उगाच आपलं, गंमत म्हणून..."

"हसू दे रे. हसले तर काय झालं?" ती पट्टी नसलेल्या डोळ्याने बाहेर बघत होती. "पण सगळंच सांगितलंस तेंना, तर हे पण सांगायचं होतंस. तो बॉइलवाला मला बोलला होता. बाई, हे नको टाकू, लाकूड फाटंल. दांडी सरळ होईल बोलला. तेच्या सासऱ्याचा असाच गेला होता."

"मग तू?"

"मी बोलले, टाक."

मला समजेना. "अगं पण, सणासाठी नुसता धुतला असता तर चाललं नसतं का?"

"चाललं असतं की. चाळीस वर्षं धुऊनच चालवला." तिने पट्टीची कड बोटाने जरा दाबून बसवली. "फोनवर तू बोललास ना, घेऊन जाईन म्हणून. तुझ्या पप्पांकडे दुसरं काय राहिलं होतं? तुला 'नको नेऊ' बोलले असते तर तू ऐकलं असतंस? फुटका तू नेला नसतास."

टॅक्सीवाल्याने विचारलं, उजवीकडे की डावीकडे? मी उजवीकडे म्हणालो.

त्या शुक्रवारी मी क्लबात गेलो नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गेलो.