वहिनीचं स्क्रब आणि माझा डावा हात

माझ्या वहिनीला माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, कोपरावरून ओळखता येतो. एखादा पाहुणा वर्षभरानं घरी आला, की ती 'कधी आलात, कसे आहात' असलं काही विचारत बसत नाही. सरळ त्याची बाही वर सारते, कोपरावरून अंगठा फिरवते आणि मगच तिच्या तोंडावर ओळख उमटते. "तुम्ही व्हय! मागला साल बी इतलंच खरबरीत व्हतं." पाहुणा बिचारा ओशाळतो. पण वहिनीला त्याला हिणवायचं नसतं. जगात खरबरीत कोपरं आहेत तोवर आपल्या हाताला काम आहे, या विचारानं तिला मनापासून आनंद झालेला असतो.

हे काम म्हणजे अंगाला लावायचे स्क्रब तयार करणं. नाशिकच्या एक मॅडम साबण, तेलं, लेप अशा वस्तूंचा स्वतःचा छोटा ब्रँड चालवतात. आमच्या नात्यातल्या एका लग्नात त्यांनी वहिनीनं नवरीसाठी केलेलं उटणं बघितलं, दोन बोटांत चोळलं आणि "माझ्यासाठी असं काही बनवाल का?" एवढंच विचारलं. झालं! त्या दिवसापासून कळसाडी गावातल्या आमच्या घरामागची कापसाची खोली म्हणजे वहिनीची प्रयोगशाळा झाली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शेतातून परत येईपर्यंत भिंतींना फळ्या ठोकल्या गेल्या होत्या आणि त्यांवर पपईच्या वाळलेल्या बिया, केळीचं पीठ, मसूर, संत्र्याची सालं आणि सातपुड्यातून आणवलेलं मोहाच्या बियांचं तेल अशी बरण्यांची रांग लागली होती. दादा दारात उभा राहून एकेक बरणी बघत राहिला. घरात लग्न होऊन आलेल्या बाईपेक्षा ही बाई वेगळी आहे, असं त्याला बहुधा तेव्हा पहिल्यांदा वाटलं असावं.

प्रयोगशाळा म्हटली की प्रयोगाला प्राणी लागतो. तो मी. मी शहाद्याच्या शाळेत शिकवतो, पण गल्लीत माझी खरी ओळख 'वहिनीचा डावा हात' अशी आहे, आणि ती शब्दशः खरी आहे. वहिनीचं प्रत्येक नवं मिश्रण आधी माझ्या डाव्या हाताला लागतं. उजव्या हाताला पाण्याखेरीज काही लावायची मला परवानगी नाही. एकदा मी चुकून तेल चोळलं, तर ती कडाडली, "भाऊ, उजवाले हात लावू नको! तो पुरावा शे!" पुढे माझा एक हात अपुरा पडायला लागला तशी तिनं गल्लीतले डावे हातही ताब्यात घेतले. आता आमच्या गल्लीतल्या कुणालाही दोन्ही हात पुढे करायला सांगा, डावा तुकतुकीत आणि उजवा जन्मला तसा. नवखा माणूस आला, तर या गावात काहीतरी साथ आहे असं समजून तो दुरूनच रामराम करतो.

स्क्रबच्या दळणाबद्दल तिचं डोकं फार बारीक चालतं. जाड रवा टाचेला, बारीक रवा हाताला, भाकरीच्या पिठाइतकं मऊ मानेला. त्यात उन्नीस-बीस झालं की सगळा घाणा बाजूला, आणि मग आठवडाभर आम्ही सगळे त्या नापास स्क्रबनं आंघोळी करतो. एकदा तिनं गूळ घालून पाहिला. माझ्या हाताला लेप लावून 'वाळू दे' म्हणून ती आत गेली आणि मी गोठ्यापाशी पेपर वाचत बसलो. वासरानं कोपरापासून मनगटापर्यंत सगळा प्रयोग चाटून साफ केला. मी तक्रार केली तर वहिनी खूश. "वासरूले आवडनं म्हंजे माल शुद्ध शे!" दुसऱ्या दिवशी मुंग्यांनाही तो आवडला, तेव्हा कुठे गूळ रद्द झाला. तिला बरोबर घेऊन प्रवास करणं हाही एक प्रसंगच. सुरतेला जाताना विसरवाडीला बस चहाला थांबली, तर ही भट्टीवरच्या माणसाची काळवंडलेली कोपरं बघून पर्समधली डबी काढून बसली. त्याचं बघून ड्रायव्हरनं बाही वर केली, मग कंडक्टरनं. बस उशिरा सुटली, पण एकाही प्रवाशानं कुरकुर केली नाही, कारण तोवर निम्म्या बसचे हात ओले होते.

एवढं सगळं असूनही मॅडम मात्र पसंत करेनात. कधी दळण भरड, कधी वास उग्र, कधी तेल सुटलेलं. नमुने नाशिकला जायचे आणि गोड शब्दांत परत यायचे. इकडे कापसाची वेचणी सुरू झाली आणि दादाचा धीर सुटला. तो म्हणाला, "आते मॅडम हां म्हनी ते ठीक. नही ते खोली माले दे. कापूस कोठे भरू मी, डोकावर?" वहिनीनं मान डोलावली. तिला ते पटलंही होतं. पण त्या दिवसापासून ती बरण्या पुसताना त्यांच्याशी हळू आवाजात बोलायची, आणि ते ऐकलं की मला गलबलून यायचं.

मॅडम शेवटचा नमुना बघायला स्वतः येणार ठरलं आणि आदल्या दिवशी पपईच्या बियांनी मिक्सरचा जीव घेतला. वहिनी बिया आणि मसूर घेऊन गल्लीतल्या चक्कीवर गेली. हे दिवस मिरचीचे. आमच्या जिल्ह्यात या दिवसांत चक्कीतून मिरचीशिवाय दुसरं काही जात नाही, आणि गेलंच तर आधी मूठभर ज्वारी फिरवून चक्की साफ करायची रीत आहे. चक्कीवाल्या काकांनी ज्वारीची मूठ उचललीसुद्धा होती. पण डब्यावर लिहिलेल्या घटकांखेरीज एक कणही नको, हे मॅडमचं वाक्य वहिनीनं देवाच्या आज्ञेसारखं धरलेलं. ती ओरडली, "काका, मन्हा मालमां ज्वारी नको! फडकानं पुसी द्या, बस." काकांनी पुसलं. मसुरीनं माल आधीच तांबूस, त्यामुळे रंगात काही कळलं नाही. शिंका आल्या, पण या दिवसांत आमचा सगळा गाव शिंकतच असतो.

दुसऱ्या दिवशी मॅडम ओट्यावर बसल्या होत्या आणि अंगणात दादाचा कापसाचा टेम्पो उभा होता. रीतीप्रमाणे पहिला हात माझा. वहिनीनं तेलात कालवलेलं स्क्रब माझ्या हातावर चोळलं आणि थोड्याच वेळात माझ्या हाताची जी काही आग झाली म्हणता! मी दात आवळले. दारात दादा, समोर मॅडम, आणि वहिनीचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"भाऊ, तू रडी कसाले ऱ्हायना?"

"आनंदानं," मी म्हणालो.

मॅडम हसल्या आणि त्यांनी बोटं वाटीकडे नेली. वहिनीनं माझा लालभडक हात बघितला, वाटीतला कण जिभेवर ठेवला आणि झटकन वाटी मागे ओढली. एरवी मॅडमशी ती जपून शाळेतली मराठी बोलायची, ती तिला त्या क्षणी आठवलीच नाही. "हात लावू नका, मॅडम! यामां मिरची पडेल शे. चूक मन्हीच शे." मग तिनं माझा हात दह्याच्या भांड्यात बुडवला आणि खोलीतल्या बरण्या उचलून बाहेर ठेवायला लागली.

दोन-चार बरण्या बाहेर आल्या. मग दादानं टेम्पोवाल्याला हाक मारली. "कापूस मांगनी खोलीमां नको नेऊ. आमना झोपाना खोलीमां टाक."

वहिनी बरणी हातात घेऊन थबकली. "आनि आपन झोपसूत कोठे?"

"कापूसवर. गादीमां काय सोनं ऱ्हास का?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. जाताना वहिनीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बिया परत दळा. मी परत येते." त्या आल्या, आणि ते स्क्रब पसंत झालं. त्या दिवशी वहिनीनं सगळ्या गल्लीला शिरा खाऊ घातला आणि मला उजव्या हाताला काहीही लावायची मोकळीक दिली.

आता मॅडमनी नाशिकला मोठी जागा घेतली आहे आणि माल तयार करणाऱ्या बायकांना शिकवायला वहिनीला तिकडे बोलावलं आहे. महिन्यातले बरेच दिवस ती तिथेच असते. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि घर खायला उठतं हेही तितकंच खरं. यंदाही कापूस दादाच्या झोपायच्या खोलीतच आहे. मागची खोली रिकामी पडली आहे, तिथे भर की, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "नको रे. ती येई, तवय तिले लागी." मग तो त्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. "करमत नही रे भाऊ," म्हणाला.

हे तिला फोनवर सांगू का, असं मी विचारलं.

"नको सांगू," तो घाईघाईनं म्हणाला. "तू सांगशी ते ती सम्दं सोडीसन पळत येई."