फुंकणीची सवय

छातीच्या दवाखान्यात मी माझ्या नंबरची वाट बघत बसलो होतो. फुप्फुसांची ताकद मोजतात त्या खोलीचं दार उघडंच होतं. आत एक आजी नाकाला चिमटा लावून, यंत्राची नळी तोंडात धरून बसल्या होत्या.

"आजी, जोरात फुंका. मग नळी तोंडातच ठेवून श्वास आत ओढा," चाचणी घेणारी मुलगी सांगत होती.

आजी अगदी मन लावून फुंकायच्या. पण श्वास घ्यायची वेळ आली की नळी सोडून मान बाजूला वळवायच्या. पुन्हा पुन्हा तेच. मुलगी वैतागली.

"अगं, फुंकणीतनं श्वास आत घेत्यात व्हय? धूर जातो," आजी म्हणाल्या.

माझी आईही चुलीपुढं अशीच मान वळवायची. तिचा खोकला आम्हाला भाकरीच्या वासाइतकाच ओळखीचा होता. पण मान वळवून वळवून कुठं वळवणार? धूर काय फुंकणीपुरताच असतो? तो घरभर असायचा, पदरात, केसांत, पाण्याच्या घोटातसुद्धा. बायका आयुष्यभर एवढ्या जपून श्वास घेत राहिल्या, तरी धूर छातीत जाऊन बसलाच. आणि आता हे यंत्र विचारतंय, किती उरलाय श्वास?

चाचणी कशीबशी उरकली. मुलीनं नाकाचा चिमटा काढला. आजींनी तो हातात घेऊन निरखून पाहिला.

"ह्यो मला घरी न्यायला मिळंल का गं?"

"कशाला, आजी?"

"सांजच्याला चूल पेटवायचीय."