पाणी बघायला गेलेला राजा

२०१७ च्या नाताळ अंकात माझा एक लेख छापून आला आणि त्यामुळे आमच्या मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकेने नाताळचं वाचन करायला नकार दिला. लेखात चुकीचं काही नव्हतं. हे आधी सांगतो, कारण त्या आठवड्यात मी भेटेल त्याला हेच आधी सांगत होतो.

मंडळ म्हणजे टोरांटोच्या आसपास राहणारी वसई, ठाणे आणि मुंबईकडची शंभरेक कॅथलिक कुटुंबं. नॉर्थ यॉर्कमधलं एक चर्च महिन्यातून एकदा मराठी मिस्सेसाठी, म्हणजे आमच्या उपासनेसाठी, आम्हाला मिळतं. नाताळच्या रात्री ते त्या पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक, लोकांना लागतं, म्हणून आमचा नाताळ आधीच्या शनिवारी दुपारी तीनला होतो. मिस्सेआधी बायबलच्या जुन्या करारातली एक भविष्यवाणी वाचायची आमची पद्धत आहे: तरुणीला मुलगा होईल, त्याच्या नावाचा अर्थ देव आमच्यासोबत. हे वाचन बाईंचं. त्यांना सगळे बाईच म्हणत. वसईच्या मराठी शाळेत सगळी नोकरी झाली, तिकडे त्यांच्या गावच्या चर्चमध्येही हे वाचन त्यांचंच होतं, आणि मुलीकडे रिचमंड हिलला आल्यापासून इथेही. आवाज खणखणीत. त्या उभ्या राहिल्या की आमचा अध्यक्ष माईकचा आवाज कमी करायचा. जानेवारीत त्या कायमच्या परत जाणार होत्या. त्यामुळे हे त्यांचं इथलं शेवटचं वाचन होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

लेख अध्यक्षानेच मागितला. "हिस्टॉरिकल बॅकग्राउंड दे," तो म्हणाला. "ही प्रॉफसी कोणी, कधी, का केली. लोकांना आवडतं." मी मुंबईत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर बावीस वर्षं काढली होती. कोणी, कधी, का हे मला जमतं. मी ग्रंथालयातून चार पुस्तकं आणली आणि लिहिलं.

लिहिलं ते थोडक्यात असं. काळ इसवी सनापूर्वी आठवं शतक. यहूदा नावाचं लहान राज्य, राजधानी यरुशलेम. त्याच्या उत्तरेला इस्राएलचं राज्य, त्याच्याही पलीकडे दमास्कसचं अराम. या सगळ्यांपेक्षा मोठं अश्शूर पूर्वेकडून एकेक राज्य गिळत येत होतं. उत्तरेच्या दोन राजांनी अश्शूरविरुद्ध युती केली आणि यहूदाच्या राजाला सामील हो म्हणाले. तो झाला नाही. तेव्हा त्याला काढून आपल्या मर्जीतला माणूस गादीवर बसवायचा, असं ठरवून दोघे सैन्य घेऊन निघाले. यहूदाचा राजा विशीतला होता. बातमी कळली तेव्हा राजवाड्यातली माणसं वाऱ्याने झाडं हलावीत तशी हलली, असं वर्णन आहे.

ही भविष्यवाणी करणारा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप आणणारा माणूस, राजाला भेटला ती जागा नोंदलेली आहे. राजवाडा नाही, मंदिर नाही. वरच्या तळ्यातून शहरात येणाऱ्या पाटाचं टोक, परटांच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वेढा पडणार म्हणून राजा पाणी बघायला गेला होता. संदेष्ट्याने सांगितलं, घाबरू नकोस, ते दोघे म्हणजे विझत आलेली, नुसता धूर करणारी लाकडं आहेत. वाटल्यास देवाकडे खूण माग. राजा म्हणाला, मी देवाची परीक्षा पाहणार नाही. उत्तर धार्मिक आहे. कारण बहुधा वेगळं असावं. अश्शूरच्या सम्राटाकडे मदत मागायचं त्याच्या मनात ठरलेलं असावं. पुढे त्याने मंदिरातलं सोनंचांदी काढून तिकडे पाठवलंही.

मग संदेष्ट्याने न मागितलेली खूण दिली. एका तरुणीला मुलगा होईल, आणि त्या मुलाला बरंवाईट कळायच्या आत ज्या दोन राजांना तू भितोस त्यांचे देश ओस पडतील. तरुणी कोण ते लिहिलेलं नाही. काही अभ्यासक राणी म्हणतात, काही संदेष्ट्याची बायको. म्हणजे मूळ प्रसंगात मूल हे मुदत सांगण्यासाठी आलं होतं. घाबरलेल्या माणसाला वर्षं आणि महिने सांगण्याऐवजी मुलाचं वय सांगितलं होतं. दमास्कस काही वर्षांत पडलं. इस्राएलची राजधानी त्यानंतर दहाएक वर्षांनी.

यानंतर दोन परिच्छेद होते. प्रसंग संपला तरी शब्द संपले नाहीत, पुढच्या पिढ्यांनी आपापल्या भीतीत ते पुन्हा पुन्हा वाचले, आणि सातशे वर्षांनी पहिल्या ख्रिस्ती लोकांनी बेथलेहेमच्या बाळात तीच खूण पूर्णत्वाला गेलेली ओळखली, असं त्यांत होतं.

अंकाची जुळणी ठाण्याकडची एक मुलगी करते. दिवसा ती एका कंपनीत पेरोल बघते. अंक म्हणजे दुमडलेली एक मोठी शीट, चार पानं. छापायच्या दिवशी मागच्या वर्षीच्या गोठा स्पर्धेचा, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्यांच्या स्पर्धेचा, फोटो आला आणि जागा कमी पडली. तिने माझे शेवटचे दोन परिच्छेद काढले. माझा लेख त्यामुळे दमास्कस आणि इस्राएलपाशी संपला. वाचणाऱ्याचा समज असा होत होता, की राजाला दिलेली खूण ख्रिस्तजन्माच्या सातशे वर्षं आधी पुरी झाली आणि प्रकरण मिटलं.

"विचारायचं तरी," मी फोनवर म्हणालो.

"दादा, तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "जागा नसली की डोळे मिटून खालून कापायचं. बातमीत महत्त्वाचं सगळं वर असतं. मी लिहून ठेवलंय."

तिने खरंच लिहून ठेवलं होतं. डेस्कवर आम्ही तसंच लिहायचो. पानावर जाहिरात आली की छापखान्याचा फोरमन खालच्या चार ओळी उडवायचा आणि बातमीला काही व्हायचं नाही. धर्माविषयीच्या लेखात सगळ्यात महत्त्वाचं शेवटी येतं, ही गोष्ट तिला सांगायची राहिली होती. खरं म्हणजे माझ्याही लक्षात नव्हती.

अंक रविवारी वाटला. पार्किंगमध्ये एक गृहस्थ गाडीवरचा बर्फ झाडता झाडता म्हणाले, "काय हो, म्हणजे आपण नाताळला सातशे वर्षं लेट?"

"शेवट कापला गेला," मी म्हणालो.

"कोणाचा?"

सोमवारी अध्यक्षाचा फोन आला. बाई वाचणार नाहीत. कारण सांगितलं नाही. अंक वाचला आणि मुलीला म्हणाल्या, माझ्याऐवजी दुसरं कोणी बघायला सांग. "दुसरं कोण बघू?" अध्यक्ष म्हणाला. "पोरांना देवनागरी येत नाही. मला येते, पण माझं वाचन तू ऐकलंयस. आणि जानेवारीत बाई चालल्या. हे असं जाणार त्या? तू जाऊन सॉरी म्हण. तुझा पूर्ण लेख दाखव. फादरचा क्वोट वगैरे घाल."

फादरचं अवतरण घातलं नाही. पूर्ण लेख छापून घेतला आणि बुधवारी संध्याकाळी रिचमंड हिलला गेलो. त्याच शनिवारी मिस्सा होती.

बाई मुलीच्या घरी बेसमेंटमध्ये राहत. एका बाजूला पलंग, टेबल, आल्ताराचा, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीचा, छोटा कोनाडा, दुसऱ्या बाजूला घर तापवणारी फर्नेस आणि गरम पाण्याची टाकी. टेबलावर नाताळ अंक उघडा होता. माझ्या लेखावर लाल पेनाच्या खुणा होत्या.

मी सॉरी म्हणालो. शेवट कसा गेला ते सांगितलं, कागद पुढे केला. बाईंनी चष्मा लावून शेवटचे दोन परिच्छेद वाचले.

"हे पाठ केल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. "कापलं ते बरंच झालं."

"पण त्यावाचून अर्थ बदलतो, बाई. लोकांना वाटलं..."

"लोकांचं लोक बघतील. ख्रिस्ताचं मला माहीत आहे. ते मला सांगायला पेपर कशाला हवा?" त्यांनी अंक माझ्याकडे वळवला. एक वाक्य दोनदा अधोरेखित होतं. वेढा पडणार म्हणून राजा पाणी बघायला गेला होता. "हे खरं आहे? की तुम्ही घातलंत?"

"जागा दिलेली आहे. पाणी बघायलाच गेला असावा, असं अभ्यासक म्हणतात."

"असणारच. आमच्याकडे मे महिन्यात विहीर तळाला गेली की माझा बाप दिवसातून पाच वेळा जाऊन वाकून बघायचा. बघून पाणी वाढत नाही. घरात बसवत नाही म्हणून जायचा. त्या वेळी त्याच्याशी कसं बोलायचं ते आई जाणायची. आम्ही पोरं बोललो की ओरडा खायचो." त्यांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं मी ते कसं वाचलं? तुम्ही ऐकलंय."

"स्पष्ट वाचता. मागच्या बाकापर्यंत ऐकू येतं."

"बक्षीस समारंभाला नावं पुकारतात तसं वाचते. मला वाटायचं, आनंदाची बातमी आहे, खणखणीत द्यावी. आणि ते बोलणं होतं रस्त्यात उभ्या राहिलेल्या एका भ्यालेल्या पोराशी. वर्गात कोणी असं वाचलं असतं तर मी खाली बसवलं असतं. म्हणून बसले."

मी दुरुस्ती घेऊन आलो होतो आणि दुरुस्त करायचं होतं ते माझ्या लेखात नव्हतंच. मी म्हणालो, "मग तसं वाचा."

"कसं? तो माणूस कोणत्या आवाजात बोलला?"

"त्याची नोंद नाही."

"नोंद नाही म्हटलं की तुम्ही सुटलात." बाई उठल्या. "तिकडे जाऊन उभे राहा."

"कुठे?"

"टाकीपाशी. तुम्ही राजा."

मी गरम पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. बाई जिन्याकडून चालत आल्या, तीन पावलांवर थांबल्या आणि वाचायला लागल्या. दोन ओळींत थांबल्या.

"तुम्ही भ्यालेले दिसत नाही."

"प्रयत्न करतो."

"तुमचं घर जाणार आहे. दोघं चालून आलेत. आणि हा दाढीवाला सांगतो, काही होत नाही. तुम्हाला तो आवडत नाही."

त्यांनी पुन्हा वाचलं. हळू, पण शोकसभेसारखं. त्यांनाच पटलं नाही. तिसऱ्यांदा कडक झालं. मुलगी चहा घेऊन खाली आली, मला टाकीपाशी पाहून पायरीवर थांबली.

"मम्मी, काय करतेयस त्यांना?"

"शिकवतेय. चहा ठेव तिथे."

पाचव्यांदा त्या कागदाकडे न बघता बोलल्या. त्यांना ते पाठच होतं. तापातल्या मुलाला, झोप, सकाळी बरं वाटेल, असं सांगताना सांगणाऱ्याला स्वतःला जितकी खात्री असते तितकीच त्या आवाजात होती. मी डेस्कवर अशा उपमा कापत असे. इथे राहू देतो.

"हे बरं होतं," मी म्हणालो.

"हे मागच्या बाकापर्यंत जाणार नाही."

"माईक आहे."

"माईकवर बोललं की बक्षीस समारंभ होतो." त्यांनी चहा घेतला. वाचणार की नाही, ते मी निघेपर्यंत सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, शनिवारी बघू. अध्यक्षाला मी तेच कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे यस का नो?" मी म्हणालो, नोंद नाही.

शनिवारी तापमान उणे चौदा होतं. तीनला पाच मिनिटं असताना अध्यक्ष स्वतः कागद घेऊन वाचनपीठाकडे निघाला. बाई दुसऱ्या बाकावरून उठल्या आणि त्याच्या हातातून कागद घेतला. सवयीने त्याने माईकचा आवाज कमी केला. बाईंनी माईक आणखी बाजूला सारला.

आमची माणसं मागून भरत येतात. पुढचे बाक पाद्री आणि पाहुणे यांचे, अशी गावाकडची समजूत अजून आहे. त्या दिवशीही पुढचे चार बाक बाई सोडून रिकामे होते. बाईंनी वाचायला सुरुवात केली. चौथ्या बाकाच्या पलीकडे फक्त काहीतरी चाललं आहे एवढंच कळत होतं. अध्यक्षाने खुणेने माईक दाखवला. बाईंनी बघितलं नाही. मागून कोणीतरी "व्हॉल्यूम" म्हणालं.

मग एक म्हातारं जोडपं उठून पुढे आलं. त्यांच्यामागे पोरांना घेऊन एक कुटुंब. जॅकेटांची खसखस होऊ लागली. बाईंनी आवाज वाढवला नाही आणि थांबल्याही नाहीत. जी माणसं इतकी वर्षं मागे बसून सगळं ऐकत आली होती, ती उठून कडेच्या वाटेने येत राहिली. मीही गेलो. तिसऱ्या बाकावर जागा मिळाली. बाई तेव्हा मुलाच्या वयापाशी आल्या होत्या, त्याला बरंवाईट कळायच्या आत, या वाक्यापाशी. ते त्या आमच्यातल्या कोणाकडे बघून म्हणाल्या, हे सांगता येणार नाही. प्रत्येकाला ते आपल्याकडे बघून वाटलं, असं नंतर तिघांनी मला सांगितलं.

वाचन संपलं. पुढचे चारही बाक भरले होते. बाई कागद घडी करत जागेवर आल्या तेव्हा त्यांच्या जागी ते म्हातारं जोडपं बसलेलं होतं. ते उठायला लागले. बाईंनी हाताने बसवलं, आणि पूर्ण मिस्सा बाजूच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.