बिनकानाची गोणी

तुम्ही विकायला नेलेली कांद्याची गोणी ट्रकवर कोण चढवतो, त्याच्या पाठीकडे कधी पाहिलंय का? मढचे सखाराम, माझे मामा, राजुरीजवळच्या एका गोडाऊनवर हेच काम करायचे. पाच आठवड्यांपूर्वी मुकादमाचा फोन आला. "मामा चक्कर येऊन पडलं, गेलं. बीपी व्हता ना त्यांना?" मी काही विचारायच्या आधीच त्याने कारण सांगून टाकलं... मामांना बीपी नव्हता.

गोणी पाठीवर घेण्याआधी मामा तिचे कान बघायचे. तोंड शिवताना दोन्ही कोपरे रिकामे ठेवून बांधतात, ते कान. ते धरून दोघांनी गोणी उचलली की पाठीला हिसका बसत नाही. बिनकानाची आली की मामा ती बाजूला ठेवायचे. मुकादम टोमणा मारायचा, "मामा, गोणी उचलायचीय, नवरी पसंत करायची न्हाई." "नवरी पाठीवर बसत न्हाई, राव," म्हणत मामा सुतळी उसवून कान काढायला बसायचे. एकदा मी त्यांना ओझं कसं उचलावं याचं पत्रक दिलं. गुडघ्यात वाका, कमरेत नको, असं बरंच काही. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. "खरं हाये भाऊ. पर ह्ये गोणी भरणाऱ्याला दे की. मला काय देतो?"

दहाव्याला त्यांच्यासोबतचा एक हमाल भेटला. नाव लिहीत नाही, त्याला अजून तिथेच काम करायचंय. म्हणाला, "त्या दिशी समद्या बिनकानाच्या व्हत्या. चार कांदे जास्त बसावं म्हून. मामा नको म्हणत व्हतं, त्यावरून मुकादमाशी बोलाचाली झाली... मग एकटंच गोणी घेऊन फळीवर चढलं." मुकादमाची मोटरसायकल दिसली, तसा तो गप्प झाला. मी गोडाऊनवर गेलो, तर ट्रकला लावायची फळी नवीकोरी. जुनी कुठंय, विचारलं. "मोडकी व्हती, जाळली," मुकादम म्हणाला. "आजारी माणसाचं कशाला उकरता?" पुन्हा आजार. मामीचा अंगठाही त्याने एका कागदावर घेतलाय. त्यात काय लिहिलंय, ते तिला कुणी वाचून दाखवलेलं नाही.

कागदावर आजार कायम राहिला, तर मामीच्या हाती काही येणार नाही, आणि गोण्या तशाच शिवल्या जातील. त्या दिवशी तिथे कांदा घेऊन आलेल्यांपैकी कुणीतरी हे वाचत असेल. एकटा हमाल बोलला, तर त्याचं काम जाईल. तुमचं जाणार नाही. मढला मामीकडे या, आणि जे पाहिलंत ते सहीनिशी लिहून द्या.